दुधाची मर्यादा



खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. मार्चच्या शेवटी पुण्याला गेले ती जुलैत सांगलीला परतले. दोघी-तिघींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत उत्तम आहे. नात झाली, तिला सांभाळायला गेले होते. तिथे एक गोष्ट माझ्या हातून घडली. ती लिहावी की नाही यातच पंधरा दिवस गेले. दशलक्षण जवळ आलं आहे, तर लिहूनच टाकते.

सूनबाई नोकरी करते, ऑफिस हिंजवडीला. तिला २६ आठवड्यांची रजा मिळाली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन मुलांसाठी एवढी मिळते, आमच्या वेळी १२ आठवडे मिळायची. तिने दोन आठवडे बाळंतपणाआधी घेतले, उरलेले २४ नंतर. म्हणजे ती कामावर रुजू झाली तेव्हा नात साडेपाच महिन्यांची. डॉक्टरांचं म्हणणं, सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. आणि सहा महिन्यांनंतर पेज, वरणाचं पाणी सुरू झालं तरी अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. त्यांच्या ऑफिसात पाळणाघर आहे. पण एवढ्याशा पोरीला भर उन्हात रोज दीड तास गाडीतून न्यायचं आणि दीड तास आणायचं, हे कुणालाच पटेना. मग ठरलं की सूनबाई पंपाने दूध काढून ठेवणार आणि मी ते बाळाला पाजणार.

मैत्रिणींनो, तुमच्यापाशी कशाला लपवू, मला हे अजिबात रुचलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात दुधाचा नियम सासूबाईंपासून चालत आला आहे. गवळ्याने धार काढली की दोन घटकांच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत, दूध गाळून तापवायचं. तापवलेलं दूध आठ प्रहर, म्हणजे २४ तास. त्यापुढे ते घरात ठेवायचं नाही. पिठाला जशी मर्यादा असते, थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, तशी ही दुधाची. आणि इथे तर न तापवलेलं दूध चार-चार दिवस फ्रिजमध्ये! मी म्हटलं, निदान एक उकळी तरी काढूया. सूनबाई म्हणाली, "आई, उकळलं तर त्यातलं जे हवंय तेच मरतं." मला ते उत्तर उद्धट वाटलं. तसं ते नव्हतं, पण तेव्हा वाटलं.

तिने डॉक्टरांना विचारून एक कागद लिहिला आणि फ्रिजच्या दाराला लोहचुंबकाने लावला. मी तो रोज बघत होते, वाचत नव्हते.

ती सोमवारी रुजू झाली. बुधवारी सकाळी ती गेल्यावर मी फ्रिज आवरायला घेतला. मागच्या बाजूला तीन छोट्या बाटल्या होत्या, सोमवारच्या. एक हातात घेऊन बघते तर वर पिवळसर जाड थर आणि खाली निळसर पाणी. मला वाटलं, फुटलं. त्यातून ते दोन दिवसांचं, न तापवलेलं, आमच्या हिशेबाने मर्यादा कधीच ओलांडलेलं. हे नातीच्या पोटात जायचं? मी तिन्ही बाटल्या सिंकमध्ये रिकाम्या केल्या, वरून नळ सोडला, बाटल्या घासून पालथ्या घातल्या. खरं सांगते, त्या वेळी मला आपण मोठं चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं.

दुपारी तीनला बाळ भुकेने रडायला लागलं आणि घरात एक थेंब दूध नव्हतं. बाराला पाजलं तेच शेवटचं होतं. मी फोन केला. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग "येते" एवढंच म्हणाली आणि अर्धी रजा टाकून निघाली. ती येईपर्यंतचा सव्वा तास मी बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. त्या वयाला समजावता येत नाही. ती माझ्या साडीचा पदर तोंडात धरून ओढत होती.

सूनबाई आली, हात धुतले, बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. नंतर स्वयंपाकघरात येऊन पालथ्या बाटल्या बघितल्या. मी म्हटलं, "मला वाटलं फुटलंय."

"आई, विचारायचं होतंत ना." बस, एवढंच.

तीन बाटल्यांत मिळून २८० मिलीलीटर होतं. पहाटे पाचला उठून बाळ जागं व्हायच्या आत ती पंप घेऊन बसते तेव्हा ८० मिली मिळतं. ऑफिसात दोनदा दार लावून बसते, प्रत्येक वेळी शंभर. तो अख्खा दिवस मी दोन मिनिटांत नळाखाली सोडून दिला होता. रात्री तिच्या खोलीतून पंपाचा घर्र घर्र आवाज येत होता, मी जागीच होते.

झोप न येण्याचं दुसरंही कारण होतं. ते मी आजवर आमच्या यांनाही सांगितलेलं नाही.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या गल्लीत ती मोठी गोष्ट होती. लग्नानंतर एका बँकेत क्लार्क म्हणून लागले. १९८७ साली थोरला झाला. रजा १२ आठवड्यांची, त्यातली जवळपास निम्मी आधीच संपलेली. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत मी काउंटरवर बसले. सकाळी अकराच्या सुमाराला छाती दाटून यायची, गाठी व्हायच्या, हात वर करवायचा नाही. ब्लाउजमध्ये जुन्या पंचाच्या घड्या ठेवायचे, त्याही भिजायच्या. मग बायकांच्या बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची आणि दूध मोरीत पिळून काढायचं. वरून दोन तांबे पाणी ओतायचं, मागे पांढरा ओघळ दिसू नये म्हणून. कुणी बघितलं तर काय म्हणेल ही भीती. ते दूध साठवता येतं, घरी नेता येतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही मनात कधी आलं नाही. घरी सासूबाई बाळाला गाईचं दूध निम्मं पाणी घालून बोंडल्याने पाजत होत्या. नियमाने तापवलेलं, मर्यादेतलं दूध. तरी बाळाला जुलाब लागले, दोनदा सलाइन लावावं लागलं. चौथ्या महिन्यात मी राजीनामा दिला. सगळे म्हणाले, बरं केलंस.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८९ साली, मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली. आशियातली ती पहिली. आयांनी दिलेलं जास्तीचं दूध तिथे ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, गोठवतात आणि ज्या अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचं मिळत नाही त्यांना देतात. मी बँकेत काम केलं आणि अशीही बँक असते हे मला नातीच्या वेळी कळलं, बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हे सगळं सूनबाईला सांगितलं. मोरीचं, पंचाच्या घड्यांचं, सगळं. ती बाटल्यांवर तारखा चिकटवत होती. ऐकून घेतलं, काही बोलली नाही, चिकटपट्टीचा रोल आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी चष्मा लावला आणि दारावरचा कागद पहिल्यांदा नीट वाचला.

वाचून जरा वरमलेच. त्या कागदावर सगळ्या मर्यादाच लिहिलेल्या होत्या! आपल्याहून कडक म्हणाव्या अशा. ताजं काढलेलं दूध बाहेर चार तास, तेही खोली २५ अंशांच्या आत असेल तर. पुण्याचा एप्रिल कसला २५ अंशांत राहतोय, म्हणून आमच्याकडे काढलं की लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस. दारातल्या कप्प्यात कधीच नाही, कारण दार उघडलं की तिथे ऊन हवा लागते. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर सहा महिने उत्तम. गोठवलेलं काढून फ्रिजमध्ये ठेवलं की पूर्ण वितळल्यापासून २४ तास. म्हणजे आपले आठ प्रहरच की! कोमट केलं की दोन तास. बाळाने तोंड लावून उरलेलं असेल तरी दोन तास, मग टाकायचं. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

आणि वर थर का आला होता? साय जशी वर येते तशीच ती चरबी. बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळते. फुटलेलं दूध फिरवून मिसळत नाही, गोळे राहतात आणि आंबट वास येतो. चाळीस वर्षं रोज दूध तापवणाऱ्या बाईला हे कळू नये?

न तापवता ते कसं टिकतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. आमच्या बाळाचे डॉक्टर तरुण आहेत, आजीने विचारलं याचंच त्यांना कौतुक. ते म्हणाले, आईच्या दुधात जंतूंशी लढणारे घटक आणि जिवंत पेशी असतात, त्यामुळे काही काळ ते स्वतःच स्वतःला राखतं. उकळलं की तेच घटक नष्ट होतात. गोठवल्यावरही काही कमी होतात, म्हणून सगळ्यात चांगलं थेट अंगावरचं, मग फ्रिजमधलं, मग गोठवलेलं. गाईच्या दुधाचं गणित वेगळं. ते गोठ्यातून, भांड्यांतून, हातांतून फिरून घरी येतं. आपल्या वाडवडलांनी ४८ मिनिटं सांगितली ती त्या दुधासाठी. आईच्या काढलेल्या दुधाचा हिशेब तेव्हा कुणाला करावाच लागला नाही. मूल आईच्या कुशीतच असायचं. नाहीतर माझ्यासारखं, दूध मोरीत जायचं.

कुणी विचारेल म्हणून सांगते, तान्ह्या बाळाला रात्रीभोजनाचा नियम कुणी लावत नाही. माझ्या एका चुलतजावेला ही शंका आली होती! मधाचं बोट मात्र आपण जैन घरांत कधी चाटवत नाही. डॉक्टरही म्हणतात, वर्षाच्या आत बाळाला मध मुळीच द्यायचा नाही. इथे आपण आधीपासूनच बरोबर होतो.

मग मी कामाला लागले. बी.कॉम.ला स्टॉकचं मूल्यांकन शिकलो होतो. आधी आलेला माल आधी बाहेर. नाशवंत मालाला दुसरी पद्धत चालतच नाही. चाळीस वर्षांत ते कुठे वापरलं नव्हतं. एक शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या. तारीख, वेळ, किती मिली, कुठे ठेवलं, कधी वापरलं, किती वाया गेलं. फ्रीझरमध्ये पिशव्या आडव्या ठेवून गोठवायच्या, मग पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या, जुनी पुढे, नवी मागे. पिशवी काठोकाठ भरायची नाही, गोठल्यावर दूध फुगतं. ताजं कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतायचं नाही, आधी तेही गार करायचं. सूनबाई ऑफिसातून बर्फाच्या पॅकच्या पिशवीत आणायची, त्यात ते २४ तास राहतं, तिला लागायचे दोन-अडीच.

सुरुवातीला ती १२० मिलीच्या पिशव्या भरायची. वहीतला "वाया" रकाना बघून माझ्या लक्षात आलं की रोज वीस-तीस मिली उरतं आणि टाकावं लागतं. मी म्हटलं, साठ-साठच्या कर. लागलं तर दुसरी कोमट करीन. पाच मिनिटं जास्त लागतात, पण वाया जाणं जवळजवळ थांबलं. हा माझा शोध बरं का, कागदावर नव्हता.

कोमट करायचं ते पातेल्यात ऊन पाणी घेऊन त्यात पिशवी बुडवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. तिथे एक भाग पोळण्याइतका तापतो नि दुसरा गारच राहतो. मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाटली-बूच नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी सांगलीहून यांच्याबरोबर माझं चांदीचं बोंडलं मागवलं. थोरल्याचंच. त्याची चोच रुंद, आत घाण साठायला जागा नाही. रोज उकळत्या पाण्यात टाकायचं. पंपाचे सुटे भागही वेगळ्या घमेल्यात धुवायचे, सिंकमध्ये नाही. नात आधी दोन दिवस नुसती फुर्र फुर्र उडवायची, माझ्या चष्म्यावर दुधाचे थेंब. तिसऱ्या दिवशी जीभ बाहेर काढून चाटायला शिकली.

आमचे हे आठवडाभर राहिले. तेवढे दिवस त्यांनी फ्रिजला हात लावला नाही, पाणी हवं असलं तरी मला हाक. मी एकदा म्हटलं, "अहो, दूधच आहे ते." तर पेपर वर धरून बसले. आमच्या पिढीचं असंच.

मे महिन्यात दोन परीक्षा झाल्या. एकदा गोठवलेली पिशवी कोमट केली तर साबणासारखा वास. हात सिंककडे गेला होता, पण तिथेच थांबले. सूनबाईला फोन केला, तिने डॉक्टरांना. कळलं की काही आयांच्या दुधात चरबी फोडणारा लायपेज जास्त काम करतो, त्याने असा वास येतो. दूध बिघडलेलं नसतं, बाळ घेत असेल तर खुशाल द्यावं. नातीने निमूट घेतलं. मी वहीत लिहिलं, "साबणवास, चालते."

दुसरी परीक्षा वळवाची. दुपारी चारला वादळ सुटलं, समोरचं गुलमोहराचं झाड तारांवर पडलं आणि वीज गेली ती रात्री सव्वाअकराला आली. फ्रीझरमध्ये ३२ पिशव्या, म्हणजे जवळजवळ दोन लीटर. कितीतरी पहाटा होत्या त्या. मी फ्रिजच्या दाराला आडवी खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांना बजावलं, कुणी दार उघडायचं नाही. भरलेला आणि बंद फ्रीझर गारवा धरून ठेवतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायची सवय मी आधीच लावली होती. फ्रिजच्या खालच्या भागाची खात्री मात्र चारच तास. मुलगा म्हणाला, "आई, तू जेवलीही नाहीस, दिवस मावळला." मी म्हटलं, राहू दे आज. खुर्चीवर बसून णमोकार म्हणत होते की पिशव्या मोजत होते, माझं मलाच सांगता येणार नाही.

वीज आल्यावर अर्ध्या तासाने सूनबाईने दार उघडलं. एकेक पिशवी बोटांनी दाबून बघितली. २९ दगडासारख्या होत्या. दाराजवळच्या तीन मऊ झाल्या होत्या, पण आत बर्फाचे कण शिल्लक होते. कण असतील तर पुन्हा गोठवता येतं, म्हणून त्या परत आत गेल्या. खालच्या भागातली एक बाटली टाकावी लागली, ९० मिली. ती सूनबाईने स्वतः टाकली, मी वहीत मांडलं.

आता नात नऊ महिन्यांची होत आली. मऊ भात, शिजवलेलं केळं, नाचणीची पेज खाते. दिवसाला दोनच पिशव्या लागतात. पुढचं तिच्या आईची आई बघणार आहे, आठवडाभर मी त्यांना सगळं दाखवलं. त्या शिक्षिका होत्या, कागद माझ्यासारखा न वाचता सोडला नाही.

निघायच्या दिवशी वहीची बेरीज केली. पहिल्याच ओळीत मी त्या बुधवारची नोंद घातली होती, वही तीन दिवसांनी आणली तरी. "वाया २८० मिली, माझ्या हातून." सूनबाईला म्हटलं, ही ओळ खोड आता, वही बाळाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवणार आहेस, उद्या कुणी वाचेल.

ती म्हणाली, "हिशेबाच्या वहीत खोडाखोड चालत नाही. तुम्हीच सांगितलंत ना, आई?" आणि वही फाइलमध्ये घालून कपाट लावून टाकलं.